मज्जासंस्थेचा उपदंश : रुग्ण किती सावरणार, हे केव्हा ठरते?

मज्जासंस्थेच्या उपदंशाचा, म्हणजे आम्ही डॉक्टर मंडळी ज्याला न्यूरोसिफिलिस म्हणतो त्या आजाराचा रुग्ण वॉर्डात दाखल झाला की एक वाक्य हमखास कानावर पडते : "पेनिसिलिन चालू केले आहे, आता काळजी नाही." निवासी डॉक्टर ते राउंडवर सांगतात, नातेवाइकांनाही तेच ऐकायचे असते, आणि जंतूपुरते पाहिले तर त्यात खोटे काहीच नाही. ट्रेपोनेमा पॅलिडम हा, लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या उपदंशाचा जंतू आठ दशके पेनिसिलिनचा मारा सोसूनही त्या औषधाला सरावलेला नाही; परम्याच्या जंतूने जे करून दाखवले ते याला अजून जमलेले नाही. असे असूनही तेच औषध, तेवढ्याच मात्रेत, तेवढेच दिवस घेतलेल्या दोन रुग्णांपैकी एक महिन्या-दीड महिन्यात कामावर रुजू होतो आणि दुसऱ्याला पुढे आयुष्यभर आंघोळीची आणि जेवणाची आठवण करून द्यावी लागते. हा फरक कशाने पडतो, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की पेनिसिलिनची पहिली कुपी फोडली जाते तेव्हा निकालाचा मोठा भाग आधीच लागलेला असतो. उरलेला भाग मात्र आमच्या हातात असतो आणि तो आम्ही पुष्कळदा हलगर्जीपणाने घालवतो.

न्यूरोसिफिलिस हे एका आजाराचे नाव नसून एकाच जंतूने वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या जागी केलेल्या नुकसानीचे ते सामायिक नाव आहे. संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत मेंदूच्या आवरणांना सूज येते. डोके दुखते, मान आखडते, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, एका कानाला ऐकू येईनासे होते. पाच ते बारा वर्षांच्या सुमारास, आणि कधी त्याच्या बऱ्याच आधी, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंती सुजून आतून अरुंद होतात आणि ऐन तारुण्यात अर्धांगवायूचा झटका येतो. दहा ते पंचवीस वर्षांनी मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशीच मरू लागतात आणि स्वभाव, विवेक, स्मरणशक्ती ढासळते. याला जनरल पॅरेसिस म्हणतात. सर्वांत उशिरा, बहुधा वीस वर्षांनंतर, पाठीच्या कण्यातील मागचे तंतू झिजून टेबीज डॉर्सालिस होतो. पाय जमिनीवर कुठे पडतो आहे हेच माणसाला कळत नाही आणि अंगातून वीज गेल्यासारख्या कळा येतात. रुग्ण किती सुधारेल याचा अंदाज बांधताना सर्वप्रथम पाहायचे ते हेच, की यांपैकी कोणते रूप समोर आहे. सूज ओसरू शकते. मेलेली चेतापेशी परत येत नाही. सगळ्या आकडेवारीच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट आहे.

उपदंश झालेल्या प्रत्येकाचा मेंदू बिघडतो, असा एक भयगंड लोकांत आहे आणि तो अनाठायी आहे. जंतू मेंदूपाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, फार लवकर शिरतो, हे खरे. अमेरिकेतील सिएटलच्या संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या व दुसऱ्या अवस्थेतील, उपचार न झालेल्या ४० रुग्णांपैकी १२ जणांच्या मेंदूपाण्यात जिवंत जंतू सापडले होते. परंतु बहुतेकांचे शरीर त्याला तेथून परस्पर हुसकावून लावते. नॉर्वेतील ऑस्लो शहरात १८९१ ते १९१० या काळात बेक नावाच्या प्राध्यापकांनी, त्या वेळचे पाऱ्याचे उपचार रुग्णांना अपायकारक वाटल्याने, सुमारे दोन हजार रुग्णांना औषधाविना ठेवले होते. त्या रुग्णांचा पुढे अनेक दशके माग काढला तेव्हा पुरुषांपैकी सुमारे साडेनऊ टक्के आणि स्त्रियांपैकी पाच टक्के एवढ्यांनाच पुढे न्यूरोसिफिलिस झाल्याचे दिसले. पुरुषांमध्ये हे प्रमाण जवळजवळ दुप्पट का, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. पण सांगायचा मुद्दा असा की ज्याचा मेंदू बाधित होतो तो अल्पसंख्य गटातला असतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे चटकन लक्ष जात नाही.

जनरल पॅरेसिसचा इतिहास थोडा सांगते, कारण रुग्णाचे पुढे काय होते हा प्रश्न वैद्यकाने सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे याच आजाराच्या बाबतीत विचारला. १८२२ साली पॅरिसमध्ये अँत्वान बेल या तरुण डॉक्टरने वेडेपणा आणि लुळेपणा हे दोन वेगळे आजार नसून मेंदूच्या एकाच रोगाच्या दोन बाजू असल्याचे मांडले. त्यामागचे कारण कळायला नव्वद वर्षे लागली. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत प्रत्यक्ष जंतू दाखवून दिला. तोवर युरोप-अमेरिकेतील वेड्यांची इस्पितळे या रुग्णांनी भरलेली असत आणि लक्षणे दिसू लागल्यापासून दोन-तीन वर्षांत त्यांतील बहुतेक जण दगावत. १९१७ साली व्हिएन्नात व्हाग्नर-याउरेग यांनी हिवतापाच्या रुग्णाचे रक्त या रुग्णांना टोचले, ताप मुद्दाम चढू दिला आणि मग क्विनीनने उतरवला. त्या तापाने काही रुग्ण दगावले आणि काही खरोखर सुधारले. या उपचारासाठी १९२७ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आज तो प्रकार अंगावर काटा आणणारा वाटतो, पण त्यातून निघालेला एक निष्कर्ष शंभर वर्षांनंतरही टिकून आहे : ज्यांच्यावर आजाराच्या सुरुवातीला प्रयोग झाला ते सावरले, आणि ज्यांची बुद्धी आधीच पार खचली होती ते जिवंत राहिले तरी खचलेलेच राहिले. पुढे पेनिसिलिन आले, मृत्यू झपाट्याने घटले. १९५९ साली अमेरिकेत जनरल पॅरेसिसच्या एक हजाराहून अधिक रुग्णांच्या पेनिसिलिन-उपचाराचा दीर्घकालीन आढावा प्रसिद्ध झाला तेव्हाही उपचारापूर्वीची अवस्था हाच निकालाचा मुख्य आधार ठरला. औषध बदलले, नियम तोच राहिला.

आता एक रुग्ण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. पन्नाशीच्या आसपासचे एसटीचे वाहक. वर्षभरापासून त्यांचे वेबिल जुळत नव्हते. सुरुवातीला दहा-वीस रुपयांचा फरक पडे, नंतर शेकड्यांत जाऊ लागला. पुढे पुढे ते प्रवाशांना उगाच जास्तीची मोड देऊ लागले आणि स्वतःच्या पाच बसगाड्या घेणार असल्याचे डेपोभर सांगत सुटले. त्यांच्या पत्नीने मला सांगितले, "हे असे नव्हते हो, मॅडम. बाजारातून भाजी आणली तरी वहीत लिहून ठेवायचे." वर्षभर त्यांच्यावर उन्मादाच्या आजाराचे उपचार चालले होते आणि त्या गोळ्यांनी त्यांचे हातपाय ताठ झाले होते. तपासताना त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहान, वेड्यावाकड्या कडांच्या दिसल्या. टॉर्चचा झोत टाकला तरी त्या हलल्या नाहीत; पण नाकासमोर बोट धरून "काका, इकडे बघा" म्हटल्यावर त्याच बाहुल्या लगेच आकसल्या. एडिनबरोच्या आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६९ साली वर्णन केलेली ही खूण आता विरळ झाली आहे, आणि विरळ झाली म्हणून ती शोधण्याची सवयही गेली आहे. "चटईला टाचणी टोचली" हे वाक्य म्हणायला सांगितले तेव्हा ओठांभोवती बारीक कंप उठला आणि अक्षरे एकमेकांवर आदळून "टाचटाच" एवढेच राहिले. सदतीस रुपयांचे तिकीट, शंभराची नोट, किती परत द्याल, या प्रश्नावर ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "राहू द्या तुम्हालाच." बत्तीस वर्षे हेच गणित केलेला तो माणूस होता.

त्यांच्या मेंदूपाण्यात पांढऱ्या पेशी थोड्याच होत्या, प्रथिने वाढलेली होती आणि व्हीडीआरएल ही उपदंशाची चाचणी पॉझिटिव्ह आली. एमआरआयमध्ये मेंदूचा कपाळाकडचा आणि कानशिलाकडचा भाग वयाच्या मानाने बराच आकसलेला होता. चौदा दिवसांचे पेनिसिलिन झाले. बसगाड्यांचा विषय पुढच्या दोन महिन्यांत मागे पडला, झोप सुधारली, संतापाचे झटके थांबले. हिशेब मात्र परत आला नाही. वर्षभरानंतर ते घरच्या घरी नीट वागत होते, नातवाला खेळवत होते, पण दुकानातून दूध आणायला पाठवले तर उरलेले पैसे मोजून घेणे त्यांना जमत नव्हते. वैद्यकीय परिभाषेत हा उपचार यशस्वी ठरतो, कारण आजार थांबला. कुटुंबाच्या दृष्टीने तो अर्धा यशस्वी आहे. निकालावर लिहिलेले शोधनिबंध वाचताना मी हल्ली पहिल्यांदा हेच पाहते, की लेखकांनी यश कशाला म्हटले आहे : मेंदूपाण्यातील पेशी कमी झाल्या याला, की माणूस पुन्हा आपला व्यवहार सांभाळू लागला याला. दोन्हींचे आकडे एकमेकांपासून बरेच दूर असतात.

याच्या उलट दुसरा रुग्ण. पस्तिशीच्या आतला तरुण, तीन आठवड्यांची डोकेदुखी, उजव्या कानात सतत गुणगुण आणि चेहऱ्याची उजवी बाजू लुळी. त्याच्या मेंदूपाण्यात पेशींची नुसती गर्दी होती. अहवाल पाहून निवासी डॉक्टर घाबरला आणि "मॅडम, हा फारच सिरिअस दिसतो" म्हणाला. प्रत्यक्षात हाच रुग्ण सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्ण सावरला. मेंदूपाण्यात पेशी जितक्या जास्त तितके रुग्णाचे भवितव्य वाईट, असे सहजच वाटते. न्यूरोसिफिलिसमध्ये पुष्कळदा उलटे घडते. पेशींची गर्दी म्हणजे दाह ऐन भरात आहे, लढाई अजून चालू आहे, आणि जे बिघडले आहे त्यात सूजेचा वाटा मोठा आहे. जंतू मारला की सूज उतरते आणि तिच्याखाली दबलेली कार्ये परत येतात. याउलट जवळजवळ स्वच्छ मेंदूपाणी आणि आकसलेला मेंदू ही जोडी दिसली की समजावे, आग लागून विझूनही गेली आहे आणि आपण राखेवर पाणी ओततो आहोत. टेबीजच्या जुन्या रुग्णांत तर मेंदूपाणी कधी कधी अगदी निर्दोष निघते, आणि पेनिसिलिन देऊनही विजेच्या कळा, सुजून विद्रूप झालेले सांधे, लघवीवरचा गेलेला ताबा आणि डोळ्यांच्या नसेची झीज यांपैकी काही ना काही चालूच राहते. अशा रुग्णाला उपचारापूर्वीच हे स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे. खोटी आशा देऊन चौदा दिवस शिरेतून इंजेक्शने घ्यायला लावणे आणि मग "बघू या" म्हणत हात झटकणे हे प्रामाणिक नाही.

मग उशीर का होतो? लाज हे कारण सगळे सांगतात आणि ते खरे आहे. "गरमी" हा शब्द घरात कोणी उच्चारत नाही, वीस वर्षांपूर्वीची न दुखणारी, आपोआप भरलेली जखम रुग्णाला आठवत नाही किंवा आठवली तरी पत्नीसमोर सांगता येत नाही. पण सगळा दोष रुग्णाच्या लाजेवर ढकलणे आम्हा डॉक्टरांना फार सोयीचे जाते. ज्याला उपदंश झाल्याचे स्वतःलाच ठाऊक नाही त्याने काय सांगायचे? प्रश्न विचारण्याची, आणि न विचारता साधी रक्ततपासणी करण्याची, जबाबदारी आमची असते. चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरू झालेला स्वभावबदल किंवा विस्मरण, तरुणपणी आलेला पक्षाघात, अचानक आलेला बहिरेपणा, डोळ्याचा दाह, यांच्या तपासण्यांच्या यादीत उपदंशाची चाचणी असलीच पाहिजे. तिचा खर्च एमआरआयच्या खर्चापुढे नगण्य आहे.

त्यातही एक तांत्रिक खाच आहे. आपल्याकडे उपदंशाची चाचणी म्हणजे व्हीडीआरएल, असे समीकरण बसलेले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आणि गरोदरपणात तीच होते. सुरुवातीच्या अवस्थेत ती चांगली चाचणी आहे. परंतु जुन्या, उशिराच्या आजारात बऱ्याच रुग्णांची रक्तातील व्हीडीआरएल आपोआप निगेटिव्ह होते, आणि उलट टोकाला प्रतिद्रव्ये अतोनात असतील तर रक्त पातळ न करता केलेली चाचणी फसून निगेटिव्ह येते. दोन्ही वेळा केसपेपरवर "नॉन-रिअॅक्टिव्ह" असे लिहिले जाते आणि प्रकरण तेथेच बंद होते. खरी शंका असेल तेव्हा टीपीएचएसारखी थेट ट्रेपोनेमाविरुद्धची चाचणी मागवली पाहिजे, कारण ती एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुधा जन्मभर तशीच राहते. मेंदूपाण्याचे गणित आणखी वेगळे : तेथे व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्के, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही, कारण खऱ्या रुग्णांपैकीही पुष्कळांना ती चुकवते. एका निगेटिव्ह कागदामुळे गेलेली दोन वर्षे नंतर कोणत्याही औषधाने भरून निघत नाहीत. पाठीतून पाणी काढायला नातेवाइकांचा जो विरोध असतो, त्याबद्दलही एक शब्द. "पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो" ही समजूत गावोगाव पक्की आहे. सुई जेथे टोचतात तेथे पाठीचा कणा असला तरी त्यातील मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, हे मी कागदावर चित्र काढून दाखवते. बहुतेक जण ऐकतात.

आता आमच्या हातातला भाग. शिफारस सरळ आहे : जलीय क्रिस्टलाइन पेनिसिलिन, दिवसाला १ कोटी ८० लाख ते २ कोटी ४० लाख युनिट, दर चार तासांनी शिरेतून, दहा ते चौदा दिवस. कागदावर एक ओळ. वॉर्डात तिचा अर्थ असा की दहा लाख युनिटच्या कुप्या असतील तर दर चार तासांनी तीन ते चार कुप्या फोडायच्या, पाणी घालून हलवायच्या, सलाइनमध्ये मिसळून सोडायच्या, आणि हे रात्री दहाला, दोनला व पहाटे सहालाही करायचे. एका वेळी चाळीस-पन्नास रुग्णांचा वॉर्ड सांभाळणाऱ्या एकट्या सिस्टरकडून रात्री दोनचा डोस कधी तीनला जातो, कधी शीर सुजलेली असते आणि दुसरी मिळेपर्यंत सकाळ होते. पेनिसिलिन रक्तातून अर्ध्या-पाऊण तासात निम्मे ओसरते. हा जंतू अतिशय संथ वाढतो, त्याचे विभाजन व्हायला तीसेक तास लागतात. म्हणून त्याच्याभोवती औषधाची पातळी दिवसच्या दिवस अखंड टिकवावी लागते, एकदोनदा जोराचा मारा करून भागत नाही. डोस चुकला तर तो चार्टवर चुकला असाच लिहावा, असा माझा वॉर्डातील नियम आहे. त्यावरून मी कोणाला बोलत नाही, पण किती चुकले हे मला कळले पाहिजे.

औषधनिवडीतील सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच असते : कमरेत घ्यायचे २४ लाख युनिटचे बेन्झाथीन पेनिसिलिन देऊन न्यूरोसिफिलिसचा उपचार झाला असे मानणे. सुरुवातीच्या उपदंशासाठी ते उत्तम औषध आहे आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातील सुरक्षा क्लिनिकमध्ये जननेंद्रियावरील व्रणासाठी जो पांढरा किट मिळतो त्यात तेच असते. पण ते रक्तात इतके हळूहळू उतरते की मेंदूपाण्यात जंतू मारण्याइतकी पातळी भरवशाने गाठत नाही. रक्तातल्या व्हीडीआरएलचा आकडा उतरतो, सगळे समाधानी होतात आणि मेंदूतले काम चालूच राहते.

पेनिसिलिनची भीती हा आपल्याकडचा आणखी एक अडसर. रिअॅक्शनने कोणी दगावल्याची एखादी जुनी कथा प्रत्येक इस्पितळात असते आणि तिच्या धाकाने कितीतरी खासगी दवाखान्यांनी हे औषध कपाटातूनच काढून टाकले आहे. ज्या महाराष्ट्रात, पिंपरीला, देशाचा सरकारी पेनिसिलिन कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला, तेथे आज हे औषध मिळवायला कधी कधी नातेवाइकांना चार दुकाने हिंडावी लागतात, याचे मला वाईट वाटते. खरी तीव्र अॅलर्जी असणारे रुग्ण थोडे असतात. लहानपणी अंगावर पुरळ आले होते एवढ्यावरून जन्मभर अॅलर्जीचा शिक्का बसलेले अधिक. पर्याय म्हणून सेफ्ट्रिअॅक्सोन दिवसातून एकदा, दहा ते चौदा दिवस देतात. फ्रान्समधील आठ केंद्रांतील २०८ रुग्णांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सेफ्ट्रिअॅक्सोन घेतलेल्या ४२ जणांपैकी ९८ टक्के आणि पेनिसिलिन घेतलेल्या १६६ जणांपैकी ७६ टक्के रुग्ण सुधारले. यावरून सेफ्ट्रिअॅक्सोन श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही, कारण कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे, आणि अधिक आजारी रुग्णांना पेनिसिलिन मिळाले असणे सहज शक्य आहे. पण ते कमी प्रतीचे नाही एवढा विश्वास त्यातून नक्की येतो, आणि ज्या वॉर्डात रात्री दोनचा डोस चुकतो तेथे दिवसातून एकदाच चुकायची संधी देणारे औषध कधी कधी अधिक शहाणपणाचे ठरते.

उपचाराच्या पहिल्या चोवीस तासांत ताप, थंडी, डोकेदुखी येऊ शकते आणि आधीची लक्षणे तात्पुरती बळावतात. मरणाऱ्या जंतूंमुळे उसळणारा हा दाह असतो, अॅलर्जी नव्हे. हे आधी सांगून ठेवले नाही तर नातेवाईक घाबरून रुग्णाला घरी नेतात, किंवा नवखा डॉक्टर अॅलर्जी समजून औषध बंद करतो. दोन्ही प्रकार घडतात.

एचआयव्हीची जोड असेल तर काय, हा प्रश्न आमच्या राज्यात टाळता येत नाही. सिएटलच्या २००४ सालच्या एका अभ्यासात एचआयव्ही असलेल्या रुग्णांच्या मेंदूपाण्यातील व्हीडीआरएल उपचारानंतर निगेटिव्ह होण्याची शक्यता इतरांपेक्षा अडीच पटींनी कमी आढळली, आणि त्यांच्यातही प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी २०० किंवा त्याहून कमी असणाऱ्यांची परिस्थिती आणखी बिकट होती. प्रतिकारशक्ती हीच जंतूला हुसकावण्याच्या कामातील पेनिसिलिनची जोडीदार असल्याने यात नवल नाही. त्यामुळे अशा रुग्णांत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या नियमित चालू असणे हा न्यूरोसिफिलिसच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे. गोळ्या नीट घेणाऱ्याचा निकाल इतरांच्या जवळपास येतो, हा माझाही अनुभव आहे.

डोळा आणि कान यांच्या बाबतीत तर आठवड्यांचाही हिशेब होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यांचा दाह लवकर ओळखला तर दृष्टी बरीचशी परत येते. पण उपचार सुरू होताना दृष्टी आधीच फार खालावलेली असेल, किंवा दृष्टीची नस पांढरी पडलेली असेल, तर फारसे काही हाती लागत नाही. कानाचेही तसेच. नुकताच आलेला, कमी-जास्त होणारा बहिरेपणा पेनिसिलिन आणि जोडीला स्टेरॉइड यांनी सुधारतो. वर्षानुवर्षे जुना बहिरेपणा सुधारत नाही. नेत्रतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ हेच या रुग्णांचे पहिले डॉक्टर असतात, म्हणून रक्ततपासणीचे मला सर्वाधिक अगत्य त्यांच्याकडून वाटते. वाहिन्यांच्या आजारात गेलेला हात-पाय किती परत येईल हे इतर पक्षाघातांप्रमाणेच झटका किती मोठा होता आणि फिजिओथेरपी किती लवकर व किती चिकाटीने झाली यावर ठरते. तेथे पेनिसिलिनचे काम पुढचा झटका टाळणे एवढेच.

चौदा दिवस संपले की रुग्ण घरी जातो, आणि तेथून पुढचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. पूर्वी दर सहा महिन्यांनी पाठीतून पाणी काढून पेशी पूर्ववत होईपर्यंत पाहत. मेंदूपाणी सुधारण्याचा क्रमही ठरलेला असतो : आधी पेशी उतरतात, मग प्रथिने, आणि व्हीडीआरएल सर्वांत शेवटी. आता अमेरिकेच्या २०२१ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या, किंवा एचआयव्ही असूनही एआरटीवर असलेल्या रुग्णाची लक्षणे आणि रक्तातील चाचणीची पातळी समाधानकारक उतरत असेल तर पुन्हा पाठीत सुई टोचण्याची गरज नाही. या एका बदलाने आमचे काम सोपे झाले आहे, कारण दुसऱ्यांदा पाणी काढायचे म्हटले की रुग्ण येणेच बंद करत. रक्ताच्या चाचणीला ते येतात. मात्र ती एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने झाली पाहिजे. एकदा व्हीडीआरएल आणि पुढच्या वेळी आरपीआर ही तिच्यासारखीच दुसरी चाचणी केली तर दोन आकड्यांची तुलना होऊ शकत नाही, आणि निम्म्या फायलींत नेमके तसेच झालेले असते.

पॅरेसिसच्या रुग्णांत जंतू मेल्यावरही फिट्स, चिडचिड, निद्रानाश उरतो आणि त्यावरची औषधे बेताने द्यावी लागतात. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी हे रुग्ण चटकन ताठरतात. वर सांगितलेल्या वाहककाकांचे तेच झाले होते, आणि औषध बदलल्यावर त्यांचे चालणे महिन्याभरात मोकळे झाले. त्यांच्या सुधारणेतला एक चांगला हिस्सा पेनिसिलिनमुळे नव्हता, तर चुकीचे औषध थांबल्यामुळे होता. घरच्यांनी केलेली व्यवस्थाही मोजावी लागते. त्यांच्या पत्नीने औषधांचे डबे वारांप्रमाणे लावले, पैशांचे व्यवहार मुलाच्या हाती दिले आणि काकांना रोज सकाळी ठरलेल्या वाटेने फिरायला पाठवले. ज्यांच्या घरी कोणी नसते त्यांचे मेंदूपाणी सुधारलेले असूनही ते पुन्हा दाखल होतात, कधी पडून, कधी हरवून.

राहता राहिला जोडीदाराचा प्रश्न. इतक्या जुन्या आजारात रुग्णापासून नव्याने संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ नसते; लैंगिक संबंधांतून तो पसरतो तो मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत. पण त्या काळात पत्नी सोबतच असेल तर तिला तो झालेला असू शकतो, आणि त्या वर्षांत झालेल्या मुलांनाही. म्हणून पत्नीची टीपीएचए आणि व्हीडीआरएल दोन्ही, आणि ती पॉझिटिव्ह निघाली तर मुलांचीही तपासणी, मी रुग्ण वॉर्डात असतानाच करून घेते. एकदा डिस्चार्ज झाला की ती होत नाही. पत्नीशी मी एकटीशी, दार लावून बोलते, आणि तिला संसर्ग झालेला असला तरी लक्षणे नसल्यास आठवड्याला एक याप्रमाणे बेन्झाथीनची तीन इंजेक्शने पुरतात, पाठीतून पाणी काढण्याची गरज नसते, हे आधी सांगते. वाहककाकांच्या पत्नीचे दोन्ही अहवाल निगेटिव्ह आले. कागद घेताना त्यांनी एवढेच विचारले की वेबिलातल्या तुटीपायी पगारातून कापलेले पैसे आता आजारपणाचा दाखला दिल्यावर परत मिळतील का. दाखला मी दिला. निदानाच्या रकान्यात "मेंदूचा संसर्गजन्य आजार" एवढेच लिहिले.